विमानाची वेळ बदलली? आधी कोणतंच बटण दाबू नका

सगळ्यात आधी तुम्ही या धाग्यात प्रश्नासोबत टाकलेला तिकिटाचा तो स्क्रीनशॉट काढून टाका. त्यात पीएनआर आणि आडनाव दोन्ही दिसतंय. एवढ्यावर कुणीही विमान कंपनीच्या साइटवर जाऊन तुमच्या आईबाबांच्या सीट्स बदलू शकतो, मनात आणलं तर आणखीही बरंच काही करू शकतो. काढलात? आता बोलू.

मला समजलं ते असं. आईबाबांचं नोव्हेंबरचं मुंबई–अ‍ॅमस्टरडॅम–बॉस्टन तिकीट तुम्ही जूनमध्ये एका पोर्टलवरून काढलंत. अ‍ॅमस्टरडॅमला सव्वातीन तास मिळत होते. आता पहिलं विमान उशिरा आणि दुसरं लवकर झाल्यामुळे एक तास पाच मिनिटं उरली आहेत. आईंना व्हीलचेअर लागते. पोर्टल म्हणतं कंपनीला विचारा, कंपनी म्हणते एजंटला विचारा, आणि या टोलवाटोलवीत तुमचा अख्खा शनिवार गेला. पोर्टलच्या अ‍ॅपवर ‘बदल मान्य’ आणि ‘रद्द करा’ अशी दोन बटणं आहेत, त्यातलं कोणतं दाबू, हा तुमचा प्रश्न.

कोणतंच नाही.

मी ठाण्यात बारा वर्षं तिकिटिंगच्या टेबलावर काढली आहेत. त्या टेबलावर दोन शब्दांवर सगळा खेळ चालतो: व्हॉलंटरी आणि इनव्हॉलंटरी. प्रवाशाने आपल्या मर्जीने केलेला बदल व्हॉलंटरी, त्याचे पैसे लागतात. कंपनीने लादलेला बदल इनव्हॉलंटरी, त्यात दुसरं विमान मागताना भाड्यातला फरक भरावा लागत नाही. तुम्ही ‘मान्य’ दाबलंत की तो विषय कंपनीच्या दृष्टीने मिटला. उद्या दुसरं विमान मागायला गेलात तर ती तुमची हौस ठरते. ‘रद्द’ दाबलंत तर कित्येक पोर्टलं ते नेहमीचं कॅन्सलेशन धरून पैसे कापतात, आणि कापलेले पैसे परत काढणं म्हणजे खेटे घालणं आलं. दोन्ही बटणं तुमच्या बाजूची नाहीत.

हे असं का झालं, तर यात तुमच्या तिकिटाशी कुणाचं वैर नाही. विमान कंपन्यांचं हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं आणि उन्हाळी मार्चच्या शेवटच्या रविवारी. तिकिटं मात्र अकरा-अकरा महिने आधी विकायला काढतात. म्हणजे जूनमध्ये तुम्ही घेतलेली नोव्हेंबरची वेळ हा बराचसा अंदाज होता. स्लॉट, म्हणजे विमानतळावर उतरण्या-सुटण्याच्या ठरलेल्या वेळा, पक्के झाले, विमानं इकडची तिकडे झाली, की ती बदलते. त्यात युरोपची घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात, अमेरिकेची नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, आणि आपली कधीच नाही. मधल्या त्या एका आठवड्यात जोडविमानांची गणितं हमखास विसकटतात. म्हणून हिवाळ्याचं तिकीट उन्हाळ्यात काढलं असेल तर ऑक्टोबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी बुकिंग उघडून बघायची सवय ठेवा.

आता टोलवाटोलवी. एजंटकडून काढलेलं तिकीट एजंटच्या ताब्यात असतं. कंपनीने वेळ बदलली की तो बदल एजंटच्या ‘क्यू’मध्ये, म्हणजे संगणकावरच्या कामांच्या रांगेत, येऊन पडतो. सकाळी आल्याआल्या क्यू उघडायची, गिऱ्हाइकाला फोन करायचा, त्याचा होकार घ्यायचा आणि तिकीट रीइश्यू करायचं, म्हणजे नव्या वेळेचं पुन्हा काढायचं, हे आमचं चहाच्या आधीचं काम. मोठ्या पोर्टलवर रोज एवढे बदल येतात की ते यंत्रावर सोडलेले असतात, आणि यंत्र विचारतं ते तुमची दोन बटणं दाखवून.

इथे एक कबुली देते. आमच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या मोबाइलच्या जागी दुकानाचा नंबर टाकायची पद्धत होती. गिऱ्हाईक पुढच्या वेळी थेट कंपनीकडे जाऊ नये म्हणून. कंपनीचा एसएमएस आमच्या फोनवर यायचा, आणि रविवारी दुकान बंद. आजही बऱ्याच ठिकाणी हेच चालतं. त्यामुळे आज पहिलं काम हे करा: कंपनीच्या साइटवर पीएनआर उघडून तुमचा आणि बाबांचा, दोघांचे मोबाइल आणि ईमेल घाला. पोर्टलचा पीएनआर आणि कंपनीचा पीएनआर वेगळे असू शकतात. कंपनीचा सहा अक्षरांचा असतो, तो ई-तिकिटावर सापडेल.

मग तिकिटाचा तेरा आकडी नंबर बघा. पहिले तीन आकडे सांगतात तिकीट कोणत्या विमान कंपनीच्या नावावर काढलंय. तुमच्यासारख्या प्रवासात विमानावरचं नाव एकाचं, फ्लाइट नंबर दुसऱ्याचा, असं सर्रास असतं. फोन लावायचा तो ज्याचं तिकीट आहे त्या कंपनीला. तुम्ही ज्याचं विमान त्याला लावत बसला असाल, तर तो ‘आमच्या हातात नाही’ म्हणाला ते खोटं नव्हतं.

फोन लावण्याआधी मात्र उत्तर स्वतः शोधून ठेवा. फोनवरच्या माणसाला तुमच्यासाठी शोधाशोध करायला वेळ नसतो. त्याच्यासमोर एक स्क्रीन असते आणि डोक्यावर घड्याळ. ‘काहीतरी बघा ना’ म्हटलंत की तो यंत्राने सुचवलेलंच वाचून दाखवणार. त्याऐवजी कंपनीच्या साइटवर त्याच तारखेची आणि आगेमागे एकेका दिवसाची विमानं बघा, ज्यात जागा विक्रीला आहे अशी दोन निवडा, फ्लाइट नंबरांसकट कागदावर लिहा. तुमच्या बाबतीत बहुधा आदल्या किंवा दुसऱ्या दिवसाचं मुंबईचं विमान किंवा अ‍ॅमस्टरडॅमहून दुपारचं बॉस्टनचं विमान, यातलं काहीतरी जमेल.

पर्याय निवडताना व्हिसा बघा. पोर्टलने तुम्हाला दुसरा पर्याय म्हणून मुंबई–पॅरिस–अ‍ॅमस्टरडॅम–बॉस्टन दाखवलाय. तो घेतलात तर आईबाबा मुंबईलाच अडकतील. पॅरिस ते अ‍ॅमस्टरडॅम हा शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, आतला प्रवास, त्यासाठी पॅरिसला पासपोर्ट तपासणीतून आत जावं लागतं. अमेरिकेचा व्हिसा तिथे चालत नाही, शेंगेन व्हिसाच लागतो, आणि तो नसेल तर मुंबईच्या काउंटरवरच बोर्डिंग नाकारतात. यंत्राला तुमच्या आईबाबांचा पासपोर्ट ठाऊक नाही, त्याला फक्त रिकामी सीट दिसते. बावीस-तेवीस तासांच्या थांब्याचा पर्यायही तसाच. व्हिसा नसेल तर शहरातल्या हॉटेलात जाता येत नाही, ट्रान्झिटमध्येच राहायचं. सत्तरीच्या माणसांना ते लावू नका.

एक तास पाच मिनिटांबद्दल कंपनी म्हणेल, ‘हे कनेक्शन वैध आहे’. प्रत्येक विमानतळाची किमान वेळ ठरलेली असते, तिच्यात बसलं की यंत्र तक्रार करत नाही. पण ती वेळ चालत्या-धावत्या माणसाची. व्हीलचेअरवाले सगळ्यात शेवटी उतरतात, व्हीलचेअर दाराशी यायला दहा-पंधरा मिनिटं कुठे जातात कळत नाही, आणि अमेरिकेच्या विमानाच्या गेटवर कागदपत्रांची वेगळी तपासणी असते. भांडू नका, एवढंच म्हणा:

‘शेड्यूल चेंजमुळे कनेक्शन कमी झालंय. प्रवासी व्हीलचेअरवर आहेत, हे कनेक्शन त्यांना झेपणार नाही. मला इनव्हॉलंटरी रीबुकिंग हवंय, या तारखेला, या नंबरच्या विमानात. त्यात जागा दिसतेय.’

पहिला माणूस नाही म्हणाला तर ‘बरं, धन्यवाद’ म्हणून फोन ठेवा आणि पुन्हा लावा. दुसरा वेगळं बोलतो. हा विनोद नाही, बारा वर्षांचा अनुभव आहे. आपल्याकडे लोक सुपरवायझरला बोलावून आवाज चढवतात. तिथे तासभर होल्डवर बसण्यापेक्षा दुसऱ्या फोनवर हसतमुख मुलगी मिळणं स्वस्त पडतं. ‘एजंटला विचारा’ म्हणाले तर सांगा, प्रवास एवढा जवळ आलाय आणि एजंट उत्तर देत नाही, तिकीट तुमच्या ताब्यात घ्या. कंपनीला तसं करता येतं, मनात असलं तर. प्रत्येक वेळी पीएनआरमध्ये रिमार्क लिहायला सांगा. तुमच्या वहीत तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव.

काम झालं असं सांगितलं की फोन ठेवायची घाई नको. ‘तिकीट रीइश्यू झालं का?’ हे विचाराच. इथे भलेभले फसतात. पीएनआरमध्ये नवं विमान दिसतं, पण खालचं ई-तिकीट जुन्याच विमानाचं राहतं, आणि ते उघडकीला येतं मुंबईच्या काउंटरवर रात्री अकराला. रीइश्यू झालेल्या तिकिटाची पावती ईमेलवर आली, त्यावर नवी वेळ दिसली, तरच झालं म्हणायचं. मग व्हीलचेअर, जेवण आणि पैसे भरून घेतलेल्या सीट्स पुन्हा तपासा. विमान बदललं की हे सगळं गळून पडतं आणि कुणी कळवत नाही.

तुमच्या भावाने भरपाई म्हणून मिळतील असं सांगितलेल्या ६०० युरोंवर पाणी सोडा. युरोपचा २६१/२००४ हा नियम चांगला आहे, पण १४ दिवसांहून आधी कळवलं तर त्यात भरपाई नाही, आणि तुम्हाला महिनाभर आधी कळलंय. शिवाय एकाच बुकिंगवर मुंबई ते बॉस्टन जाताना युरोप फक्त वाटेत लागत असेल, तर तो नियमच लागू होत नाही, असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा २०२२चा निकाल आहे. परतीच्या प्रवासालाही तेच.

अमेरिकेचा २०२४चा नियम जास्त कामाचा. अमेरिकेला येणाऱ्या-जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रवासात निघणं सहा तास किंवा जास्त अलीकडे किंवा पोचणं सहा तास किंवा जास्त पलीकडे गेलं, विमानतळ बदलला, किंवा थांबे वाढले, आणि तुम्ही बदल मान्य केला नसेल, तर नॉन-रिफंडेबल तिकिटाचेही पूर्ण पैसे परत. नुसता थांबा आखडला तर हा हक्क नाही. पण कंपनीने पॅरिसमार्गे जाणारा प्रवासच लादला तर एक थांबा वाढतो, म्हणजे तिथे आहे. कार्डाच्या स्टेटमेंटवर पोर्टलचं नाव असेल तर परतावा पोर्टलने द्यायचा. पण खरं सांगू? दिवाळीनंतरची तिकिटं आता काय भावाने आहेत ते बघा. पैसे परत घेऊन तुम्ही नवं तिकीट दीडपट भावाने घ्याल. तुम्हाला विमान हवंय, पैसे नकोत.

धाग्यात बाकीच्यांनी देशांतर्गत विमानांचं विचारलंय, त्यांच्यासाठी थोडक्यात. डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमाप्रमाणे उड्डाण रद्द होणार असेल तर दोन आठवडे आधी कळवून दुसरं विमान किंवा परतावा द्यायचा, निवड तुमची. त्यानंतर २४ तास आधीपर्यंत कळवलं तर मूळ वेळेच्या दोन तासांच्या आत सुटणारं दुसरं विमान किंवा परतावा. एवढंही केलं नाही तर उड्डाणाच्या कालावधीप्रमाणे ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यातलं जे कमी असेल ते. हवामान वगैरे कंपनीच्या हाताबाहेरची कारणं वगळून. आणि बुकिंगमध्ये तुमचा नीट संपर्क दिलेला नसेल तर भरपाई नाही, असं नियमातच लिहिलंय. आमच्या दुकानाच्या नंबरची गोष्ट आठवा.

मी स्वतः एकदा गोव्याला फसलेय. मडगावला भाचीचं लग्न, तिकीट दाबोळीचं. वेळ पंचवीस मिनिटांनी बदलल्याचा मेसेज आला, मी ‘ठीक आहे’ केलं. त्याच मेसेजात विमानतळ मोपा झाला होता, ते वाचलंच नाही. मोपा पार पेडण्यात, आणि माझी गाडी दाबोळीला उभी. मुहूर्त गाठला, पण नऊवारी टॅक्सीत सावरत. आता नवी मुंबईचा विमानतळही २५ डिसेंबर २०२५पासून सुरू झालाय, तेव्हा ‘मुंबई’ एवढंच वाचून थांबू नका. पुढचा कोड वाचा, बीओएम (जुना मुंबई विमानतळ) की एनएमआय (नवी मुंबई).

तक्रार करायची वेळ आलीच तर क्रम असा: कंपनीला लेखी ईमेल, उत्तर नाही आलं तर तिच्या नोडल, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या, अधिकाऱ्याला, मग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर. सोबत १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. एअरसेवावर नोंद झाली की कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागतं, म्हणून तिथे मोजकं लिहा: काय ठरलं होतं, काय झालं, काय हवंय. ग्राहक आयोगात तर तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार लावता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण तो रस्ता लांबचा, प्रवास संपल्यावरचा.

आणि नव्या विमानाची वेळ ठरली की मुंबईची तारीख दोनदा वाचा. युरोपची विमानं मध्यरात्रीच्या आसपास सुटतात. १२:५५चं विमान ११:४०चं झालं तर दिसायला सव्वा तासच, पण तारीख एक दिवस अलीकडे येते, आणि माणसं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बॅगा घेऊन विमानतळावर पोचलेली मी बघितली आहेत. बाबांना तारीख सांगूच नका. ‘मंगळवारी रात्रीचं जेवण लवकर करून निघायचं’ असं सांगा.