ऑस्ट्रेलियात 'मी मनोरुग्ण आहे' म्हटलं की खुनी सुटतो का?

नाही, आजाराचं निदान एवढ्यावर भागत नाही. खून करताना आजारामुळे आपण काय करतोय हे आरोपीला कळत नव्हतं, किंवा ते चूक आहे हे उमगत नव्हतं, असं साधारणपणे दाखवावं लागतं. ते सिद्ध करायचं ओझं सहसा बचाव मांडणाऱ्यावर असतं, मात्र 'वाजवी शंकेपलीकडे' नव्हे, तर 'शक्यता जास्त' एवढ्याच मापानं. या नियमाचं मूळ १८४३ च्या इंग्लंडमधल्या मॅकनॉटन खटल्यात आहे. आपल्या जुन्या भादंविचं कलम ८४ सुद्धा त्याच घराण्यातलं.

पुढचं राज्यागणिक बदलतं. न्यू साउथ वेल्समध्ये पूर्वी 'मानसिक आजारामुळे निर्दोष' असा निकाल लागायचा. मेलेल्याच्या नातेवाइकांना 'निर्दोष' ऐकणं किती जड जात असेल! २०२१ पासून तिथे 'कृत्य सिद्ध, पण गुन्हेगारी जबाबदारी नाही' असं म्हणतात. मला हा बदल रास्त वाटतो. क्वीन्सलँडमध्ये यासाठी वेगळं मेंटल हेल्थ कोर्टच आहे. न्यायाधीशाला मनोविकारतज्ज्ञ सल्ला देतात, ज्यूरी नसते.

आणि 'सुटतो' म्हणाल, तर बहुतेकदा रवानगी बंदिस्त फॉरेन्सिक रुग्णालयात (गुन्ह्याच्या प्रकरणांतल्या मनोरुग्णांसाठीच्या) होते. तिथे सुटकेची तारीख आधी ठरलेली नसते, त्यामुळे मुक्काम तुरुंगवासापेक्षा लांबूही शकतो. म्हणून काही वकील न्यू साउथ वेल्स किंवा क्वीन्सलँडमध्ये अर्धवट बचाव घेतात: मानसिक क्षमता बरीच घटली होती, सबब खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरा. व्हिक्टोरियात ही सोय नाही.