स्लाइड फिल्म (जिच्यावर निगेटिव्हऐवजी थेट खऱ्या रंगांचं चित्र उमटतं) आणि ती धुण्याच्या ई-६ प्रक्रियेची केमिकल्स मिळेनाशी झालीत. घरी रंगीत रोल धुण्याचा नाद आता सोडून द्यावा का?

सोडू नका. आणि "त्यापेक्षा लॅबमध्ये टाका" असं सांगणाऱ्यांचं तर मुळीच ऐकू नका.

मी एका लॅबमध्ये वर्षानुवर्षं रोल टाकायचो. नाव घेत नाही. एका वर्षी वारीत, माउलींची पालखी दिवेघाट चढत असताना, एक्टाक्रोम या कोडॅकच्या स्लाइड फिल्मचा अख्खा रोल काढला. वर काळं आभाळ, घाटभर पताका, आणि मधूनच उन्हाची तिरीप आली की सगळा भगवा पेटून उठायचा. डबीवर ई-६ छापलेलं होतंच, वर पाकिटावर मी लाल पेनाने पुन्हा लिहिलं होतं. तरीही त्यांनी तो रोल निगेटिव्ह धुण्याच्या सी-४१ प्रक्रियेच्या मशीनमधून काढला. हातात आल्या त्या स्लाइड नव्हत्याच. वारकऱ्यांच्या चेहऱ्यांचे रंग उलटे, पताका निळसर. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, प्रिंट निघतील ना!" काही लोक हौसेने असं उलटं प्रोसेसिंग करून घेतात, ते मला ठाऊक आहे. मला ते नको होतं.

हे मी आमच्या कॅमेरा क्लबात सांगितलं. तिथले एक ज्येष्ठ सर सगळ्यांसमोर म्हणाले, "लॅबची ही गत, आणि स्लाइड हे घरी करायचं काम नाही. केमिकल अडतीस अंशांवर हवं! अर्धा अंश इकडचा तिकडे झाला की रंग गेले. तेव्हा हा विषय संपला." विषय संपला, हे मला फार झोंबलं.

अडतीस अंशांचा बाऊ थंड देशातल्या लोकांनी करावा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला गरम लागतं. कपडे भिजवायच्या टबात ते घ्या, गीझरचं थोडं ओता, केमिकलच्या बाटल्या त्यात उभ्या करा, झाले अडतीस. टब मोठा असला की पाणी लवकर निवतही नाही. उलट ब्लॅक अँड व्हाइटचा डेव्हलपर (चित्र उमटवणारं केमिकल) २० अंशांवर ठेवायला आपल्याला बर्फ लागतो. हेच सर मे महिन्यात बर्फाच्या पिशव्या घालून रोल धुवायचे आणि त्यात त्यांना काही अवघड वाटायचं नाही!

शिवाय काटेकोरपणा लागतो तो पहिल्या डेव्हलपरला. सहा-साडेसहा मिनिटं, किटच्या कागदावर लिहिलेली नेमकी वेळ आणि नेमकं तापमान. स्लाइड किती उजळ येणार ते तिथेच ठरतं. पुढचे दोन, म्हणजे रंग आणणारा कलर डेव्हलपर आणि फिल्ममधली चांदी काढणारं ब्लिक्स, आपापलं काम पूर्ण करून थांबतात, तिथे थोडं पुढेमागे झालं तरी निभावतं.

पुढच्या वर्षी पुन्हा दिवेघाटात गेलो आणि तो रोल घरी, बाथरूममध्ये धुतला. कलर डेव्हलपरनंतर फिल्म धुण्याच्या बंद डब्याचं झाकण उघडलं तरी चालतं. तेव्हा फिल्म काळीकुट्ट दिसते, काही म्हणजे काही दिसत नाही. ब्लिक्समध्ये चांदी विरघळू लागली की त्या काळ्यातून चित्र वर येतं. ओली फिल्म दुधाळ दिसते, घाबरू नका, वाळली की स्वच्छ होते. बायकोने ट्यूबलाइटसमोर धरून पाहिली आणि म्हणाली, "अगं बाई, तुळशीचं पान न् पान दिसतंय." एका माउलीच्या डोक्यावरचं वृंदावन होतं ते. मी त्या स्लाइड क्लबात प्रोजेक्टरवर लावल्या. सर म्हणाले, "नशीब." त्यानंतरही रोल घरीच धुतोय आणि तसेच येतायत.

लॅबा का बंद पडल्या तेही समजून घ्या. मोठ्या मशीनमधलं केमिकल रोज भरपूर रोल आले तरच ताजं राहतं. रोल कमी झाले की ते हवेने खराब होतं, मग लॅब ई-६ बंद करते, म्हणून लोक स्लाइड काढायचं सोडतात. घरच्या एक लिटरच्या किटला हे दुखणं नाही. रोल फ्रिजमध्ये साठवा, आठेक झाले की किट कालवा आणि दोन-तीन दिवसांत सगळे धुऊन टाका. थोड्या रोलांसाठी घर हीच योग्य जागा आहे, नाइलाज म्हणून नव्हे.

फिल्मचं म्हणाल तर कोडॅकने एक्टाक्रोम २०१२ मध्ये बंद केली आणि २०१८ मध्ये परत आणली. फुजीच्या वेल्व्हिया-प्रोव्हिया या स्लाइड फिल्मांचा पुरवठा सारखा तुटतो. मिळेल तेव्हा घेऊन ठेवा. महाग आहे, हजारांत जाते, हे खरं. टेटेनाल ही १८४७ पासूनची जर्मन केमिकल कंपनीसुद्धा २०१९च्या सुरुवातीला बंद पडायच्या बेतात होती, तेव्हा एकाच कंपनीच्या किटवर विसंबू नका. पावडरचं किट शोधा. द्रव केमिकल कुरिअरवाले नाकारतात आणि बाटली एकदा उघडली की त्याचं आयुष्यही कमी. घरात कोडाक्रोम या कोडॅकच्या जुन्या स्लाइड फिल्मचे न धुतलेले रोल सापडले तर मात्र रंगाची आशा सोडा. त्यांचे रंग फिल्ममधून नव्हे, खास डेव्हलपरमधून यायचे, आणि ते धुणाऱ्या कॅन्ससमधल्या शेवटच्या लॅबने २०१०च्या डिसेंबरअखेर नवे रोल घेणं थांबवलं.

हे आधी सांगायला हवं होतं: हातमोजे घालाच. कलर डेव्हलपरने त्वचेला ॲलर्जी होते आणि एकदा झाली की पाठ सोडत नाही. खिडकी उघडी ठेवा, स्वयंपाकघरातलं एकही भांडं वापरू नका, मुलं झोपल्यावर बसा. वापरलेल्या ब्लिक्समध्ये चांदी असते, ते बागेत किंवा विहिरीजवळ ओतू नका.

आणि "आधी वर्षभर निगेटिव्हवर हात बसवा" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. तोही सरांचाच सल्ला होता. एक रोल घ्या, एकच दृश्य प्रकाश अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने कमीजास्त करून काढा आणि थेट स्लाइडच धुवा. एक्स्पोजर चुकलं की केमिकल, ते त्या एका रोलवरच कळतं.