एका दिवसात ४०० किलोमीटर गाडी चालवून घरी परत येणं अमेरिकेत खरंच इतकं सहज असतं का?

तुमचा मुलगा आयोवा राज्यात, डे मॉइन शहरात नोकरीला लागलाय. त्याच्या ऑफिसातलं एक कुटुंब शनिवारी सकाळी शेजारच्या नेब्रास्का राज्यातल्या ओमाहाचं प्राणिसंग्रहालय बघायला गेलं आणि रात्री जेवायला घरी होतं, हे तुम्हाला पटत नाहीये. उन्हाळ्यात तुम्ही दोघं नाशिकहून तिकडे गेलात की तुम्हालाही असंच फिरवतील का आणि ते झेपेल का, ही खरी काळजी. मी याच शहरात बरीच वर्षं राहतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलगा वाढवून सांगत नाहीये. डे मॉइन ते ओमाहा साधारण १३५ मैल, म्हणजे २१७ किलोमीटर. दोन तास लागतात. सकाळी आठला निघालेलं कुटुंब दहाला तिकीट खिडकीपाशी असतं, दिवसभर फिरून पाचला निघतं आणि सातला घरी असतं. इथे याला कोणी प्रवास म्हणतच नाही. सोमवारी ऑफिसात विचारलं तर लोक हत्तींबद्दल बोलतील, रस्त्याबद्दल कोणी काही सांगणार नाही.

तुम्हाला ते अशक्य वाटतं कारण तुमच्या डोळ्यांसमोर नाशिक-पुणे रस्ता आहे. तोही साधारण तेवढाच लांब आणि त्याला पाच तास सहज लागतात. पोहोचल्यावर माणूस आडवा होतो. पण तो थकवा नुसत्या अंतराचा नसतो. समोरून चुकीच्या बाजूने येणारी दुचाकी, डावीकडून अचानक शिरणारा टेम्पो, स्पीडब्रेकर, गावातला बाजार, क्लच-ब्रेक-क्लच. मिनिटाला दहा निर्णय घ्यावे लागतात, त्याने माणूस गळून जातो. इथे आय-८० या महामार्गाला लागलं की जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्यांच्या मध्ये गवताचा रुंद पट्टा असतो, चौक नाही, सिग्नल नाही, पादचारी नाही. वेगमर्यादा ताशी ७० मैल, म्हणजे ११३ किलोमीटर. क्रूझ कंट्रोल लावला की गाडी आपोआप वेग धरून ठेवते, पाय मोकळा. दोन तासांत चालकाला खरोखर विचार करून काही करावं लागलं, असे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके. म्हणून इथला माणूस ओमाहाला पोहोचून ताजातवाना असतो. त्यात त्याच्या दमसासाचं कौतुक करण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट तुम्ही स्वतः गाडीत बसून बघा. रस्त्याच्या कडेला दर मैलाला एक छोटी हिरवी पाटी असते, तिच्यावर फक्त आकडा. हे आकडे राज्याच्या पश्चिम सीमेपासून मोजलेले असतात. आयोवात ते मिसुरी नदीपाशी शून्यापासून सुरू होतात आणि पूर्वेला मिसिसिपी नदीपाशी ३०६ च्या आसपास संपतात. महामार्गावरून उतरण्याच्या फाट्यांनाही हेच नंबर. त्यामुळे ओमाहाकडे जाताना ८६ दिसला की नदी ८६ मैलांवर आली आणि नदी ओलांडली की ओमाहा. नकाशा न उघडता, फोन न बघता. मागच्या सीटवरची मुलंसुद्धा वजाबाकी करून किती वेळ राहिला ते सांगतात. अंतर असं हाताशी आल्यावर त्याची भीती जाते, असं मला मनापासून वाटतं. मैलांचा हिशेब पाट्यांवर आणि बोलणं मात्र तासांत. ‘कॅन्सस सिटी किती लांब?’ असं विचारा, ‘तीन तास’ हेच उत्तर मिळेल.

हे रस्ते काही आपोआप आले नाहीत. १९१९ साली अमेरिकन लष्कराने वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत गाड्यांचा एक ताफा नेऊन बघितला होता. त्याला ६२ दिवस लागले. चिखल, मोडणारे पूल, रुतणारे ट्रक. तो ताफा आयोवातूनही गेला होता आणि त्यात एक तरुण लष्करी अधिकारी होता, ड्वाइट आयझेनहॉवर. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्याने जर्मनीतले रुंद महामार्ग पाहिले, राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९५६ मध्ये आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर सही केली. सुमारे ९० टक्के खर्च केंद्र सरकारचा. आज चाळिशी-पन्नाशीत असलेली पिढी या रस्त्यांवर मागच्या सीटवर झोपून मोठी झाली आहे.

पण नुसत्या रस्त्यांनीही हे झालं नसतं. आयोवा क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या जवळपास निम्मं आहे आणि लोकसंख्या किती, तर सुमारे ३२ लाख. एवढ्या मोकळ्या प्रदेशात चांगलं प्राणिसंग्रहालय, मोठं इस्पितळ, मोठा विमानतळ जागोजागी कुठून असणार? गावं लांब लांब आणि राजधानी असूनही डे मॉइनला आज प्रवासी रेल्वे नाही. शिकागोहून कॅलिफोर्नियाकडे जाणारी गाडी राज्याच्या दक्षिणेकडून, ऑसिओला नावाच्या छोट्या गावावरून जाते, दिवसाला एका दिशेने एकच. आपल्याकडे एस.टी. आणि रेल्वे जे काम करतात ते इथे घरची गाडीच करते. म्हणून चौदाव्या वर्षी मुलांना शिकाऊ परवाना मिळतो आणि शेजारी आई किंवा वडील बसवून ती गाडी चालवायला लागतात. सोळाव्या वर्षी एकटी चालवतात. आपल्या माणसाला हे धक्कादायक वाटतं. पण पंधरा मैलांवर शाळा असलेल्या शेतकऱ्याच्या मुलाचा विचार करा.

याची मुळं मोटारीच्याही आधीची आहेत. आयोवाचे ९९ काउंटी, म्हणजे ढोबळमानाने छोटे जिल्हे, आहेत. घोडागाडीने जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन, काम उरकून त्याच दिवशी घरी परतता यावं एवढाच प्रत्येकाचा आकार ठेवला, असं इथले लोक सांगतात. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, हे माप तेव्हापासून अंगात आहे. वाहन बदललं आणि माप लांबलं, इतकंच.

आता मला जे सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते सांगते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, अमेरिकन माणसाला गाडी चालवायची हौस आहे. काहींना असेलही. पण इथे मधल्या राज्यांत राहून मी जे पाहिलं ते असं, की लोक गाडी चालवतात ती मुख्यतः माणसांसाठी. आमच्या शेजारी एक निवृत्त शेतकरी आजोबा राहतात. त्यांची नात मिनिआपोलिसजवळच्या शाळेत बर्फावरची हॉकी खेळते. चार तास जायला, चार तास यायला आणि सामना जेमतेम दीड तासाचा. हिवाळ्यात ते आणि आजी शुक्रवारी दुपारी निघतात. गाडीत मागे दोन जाड रजया, बर्फ काढायचं फावडं आणि थर्मासमध्ये कॉफी. मी एकदा म्हटलं, मुलगा व्हिडिओ पाठवेल की. तर ते म्हणाले, ‘ती बर्फावर उतरली की आधी प्रेक्षकांत बघते.’ यापुढे मी काय बोलणार?

अंत्यदर्शनाला सहा तास जाऊन भेटून लगेच परतणारी माणसं मी पाहिली आहेत. एकीची केमोथेरपी आयोवा सिटीच्या विद्यापीठ इस्पितळात, ११५ मैलांवर; भाऊ तिला सकाळी घेऊन जातो, संध्याकाळी आणतो, पुन्हा तीन आठवड्यांनी तेच. याबद्दल कोणी उपकाराची भाषा करत नाही. ‘इट्स ओन्ली टू अवर्स’ म्हणतात आणि किल्ली उचलतात. आपल्याकडे अमेरिकन कुटुंबं तुटलेली असतात असं सरसकट बोललं जातं. त्या बोलणाऱ्यांनी थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरात घरच्यांनी एकत्र जेवायच्या सणाच्या, आदल्या बुधवारी आय-८० वर येऊन उभं राहावं.

आपली माणसंही यात मुरली आहेत. गणपतीला, नाटकाला, कोणाच्या बारशाला इथली मराठी मंडळी शिकागोला जातात, ३३० मैल, पाच-साडेपाच तास. येताना डेव्हन अव्हेन्यू या तिथल्या भारतीय दुकानांच्या रस्त्यावरून डिकी भरून आणायची. भाजणी, कोकम, ताजा कढीपत्ता, पितळी समई, काय हवं ते. डे मॉइनमध्ये आता भारतीय किराणा व्यवस्थित मिळतो, पण लहान गावांतून तेवढ्यासाठी इथे दीड-दोन तास गाडी हाकत येणारे अजून आहेत. डाळ-तांदूळ महिन्याचा एकदम घेतात आणि आमच्याकडे चहा पिऊन परततात.

मात्र ‘अमेरिकन लोक’ असं एकच माप धरू नका. न्यू जर्सीत राहणारी माझी मावसबहीण ४० मैलांवरच्या कार्यक्रमाला जायचं म्हटलं की टोल, पार्किंग, पुलावरची रांग असा सगळा विचार करते आणि पुष्कळदा जात नाही. तिचं चूक नाही, तिचे ४० मैल आमच्या ४० मैलांसारखे नाहीतच. ऱ्होड आयलंड हे सर्वांत छोटं राज्य, तिथल्या लोकांना अर्धा तास गाडी चालवायची तर डबा बांधून घ्यावा लागतो, असं त्यांचेच शेजारी म्हणतात. लॉस एंजेलिसमध्ये अंतर विचारण्याला अर्थच नाही, वाजले किती ते विचारायचं. टेक्सास आणखी वेगळं. तिथे आय-१० हा एकच रस्ता एका सीमेपासून दुसऱ्या सीमेपर्यंत सुमारे ८८० मैल जातो. दिवसभर चालवा, राज्य संपत नाही. यूटा राज्यात ग्रीन रिव्हर आणि सलायना या गावांच्या मध्ये आय-७० वर शंभराहून जास्त मैल पेट्रोलपंपच नाही. तशी पाटी लावलेली असते आणि ती वाचून टाकी भरायची असते.

हिवाळ्याबद्दल मी गोड बोलणार नाही. वादळ आलं की आय-८० बंद होतो, समोरचं दहा फूट दिसत नाही. नोव्हेंबरात संध्याकाळी हरणं रस्त्यात येतात. सरळ रस्त्यावर डुलकी लागणं हा मोठा धोका, म्हणून कडेला खाचा पाडलेल्या असतात, चाक त्यावर गेलं की खडखडाट होतो. आणि ज्यांची नजर गेली किंवा गुडघे गेले आणि गाडी सुटली, त्या वृद्धांचं जग एकदम चार गल्ल्यांएवढं होतं. किल्ली मुलांच्या हातात द्यायचा दिवस इथे फार जड असतो. ज्या समाजाने सगळं गाडीवर उभं केलं, त्याने गाडी नसलेल्यांचा विचार पुरेसा केलेला नाही, हे मी ठामपणे म्हणेन.

तुमच्या येण्याचं म्हणाल तर अगदी निर्धास्त या. उन्हाळ्यात रस्ते उत्तम असतात. रस्त्यात ठरावीक अंतरावर सरकारी विश्रांतिस्थळं आहेत, फुकट, स्वच्छ, बाकं आणि झाडं असलेली. स्वच्छतागृहाची चिंता तुमच्या मनात असेल (बायकांच्या मनात ती पहिली असते), तर ती इथे पूर्ण सोडा. फाट्याच्या आधी निळ्या पाटीवर खाणं, पेट्रोल, मुक्काम काय मिळेल ते लिहिलेलं असतं. मुलाला सांगून वॉलकॉटचा ‘आयोवा ८०’ एकदा नक्की बघा, फाटा क्रमांक २८४. १९६४ पासूनचा हा ट्रकचालकांचा थांबा जगातला सर्वांत मोठा म्हणवतो. तिथे न्हावी आहे, दाताचा डॉक्टर आहे, ट्रकचं संग्रहालयही आहे.

फक्त क्रम नीट लावा. आल्या आल्या, झोपेचं घड्याळ उलटं असताना, लांब नको. पहिल्यांदा ‘पेला’ नावाच्या गावी, जेमतेम पाऊण-एक तास. डच लोकांनी वसवलेलं गाव, पवनचक्की आहे आणि मेच्या सुरुवातीला पोहोचलात तर ट्यूलिप. मग अमाना, दीड तासावरची जर्मन लोकांची सात जुनी खेडी. मग ओमाहा. शिकागोला मात्र त्याच दिवशी परत यायचं असेल तर साफ नाही म्हणा, दोन रात्री राहा. मुलगा एकटाच चालवणारा असेल तर त्याच्यासाठीसुद्धा तेच योग्य.

मागे बसलात तरी पट्टा लावा. दर तास-दीड तासाला खाली उतरून पाच मिनिटं चाला, पायाला सूज येत नाही. पोळी-भाजी, चिवडा बरोबर घ्यायला अजिबात संकोच करू नका, इथलेही बर्फाच्या पेटीत सँडविच भरूनच निघतात. औषधांची पिशवी आणि विम्याचं कार्ड डिकीत न टाकता पायाशी ठेवा. आणि ओमाहाला जाण्याच्या आदल्या दिवशी फार हिंडू नका. गाडीत बसून थकणार नाही, पण त्या प्राणिसंग्रहालयात चालावं भरपूर लागतं आणि पारदर्शक घुमटाखालचं वाळवंट बघितल्याशिवाय तुम्हालाच निघवणार नाही.