पत्रकात नफा दिसतो, मग अशिलाचे देणे का थकले?

प्रश्न : मी सातारा येथे दिवाणी वकिली करतो. माझ्या अशिलाने एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला माल पुरवला, त्याचे पैसे दोन वर्षे थकले आहेत. पैसे नाहीत आणि मालही सदोष होता, असे कंपनीचे म्हणणे आहे. तिच्या वार्षिक पत्रकांत मात्र नफा दिसतो. हिशेबाचे शिक्षण नसलेल्या वकिलाने ती कशी वाचावीत?

उत्तर : नफा असूनही हाती पैसा नसणे शक्य आहे, कारण माल देऊन विक्री पूर्ण झाली की तिची रक्कम उत्पन्नात धरली जाते, वसुली पुढे केव्हाही होवो. म्हणून नफ्याशेजारी रोकड प्रवाह पत्रक ठेवा आणि प्रत्यक्ष धंद्यातून किती रोकड आली ते पाहा. छोट्या कंपन्यांना या पत्रकातून सूट आहे. तिथे लागोपाठच्या दोन ताळेबंदांतील येणी आणि बँकशिल्लक यांची तुलना करावी.

वकिलाच्या उपयोगाचा खरा मजकूर मात्र पत्रकांना जोडलेल्या टिपांमध्ये असतो, आणि नेमक्या त्याच बहुतेक जण वाचत नाहीत. पत्रकांचा साचा ठरवणाऱ्या, कंपनी कायदा २०१३ च्या तिसऱ्या अनुसूचीत २०२१ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून व्यापारी देणी (पुरवठादारांना द्यायच्या रकमा) किती जुनी आहेत आणि त्यांतील वादग्रस्त किती, हे कंपनीला कोष्टकात दाखवावे लागते. मालाबद्दल वाद असल्याचे न्यायालयात सांगणाऱ्या कंपनीने त्या वर्षी वादग्रस्त देण्यांच्या रकान्यात शून्य लिहिले असेल, तर उलटतपासणीत तो रकाना तिच्यासमोर अवश्य ठेवा.

दावा लावण्याच्या मुदतीच्या दृष्टीनेही ताळेबंद मोलाचा आहे. मुदत कायद्याच्या कलम १८ खाली ताळेबंदातील नोंद कर्जाची कबुली ठरू शकते आणि मग मुदत नव्याने मोजली जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने बिशाल जयस्वाल प्रकरणात २०२१ मध्ये स्पष्ट केले. मात्र त्या नोंदीला टिपांत किंवा लेखापरीक्षकाच्या अहवालात काही हरकत जोडली आहे का, हे प्रत्येक प्रकरणात तपासावे लागते. कबुलीवरील सही मूळ मुदत संपण्यापूर्वीची हवी, म्हणून सहीची तारीख आधी पाहा. शिवाय ताळेबंदात देण्यांची एकत्रित रक्कम असते, धनकोचे नाव नसते. तेव्हा कंपनीच्या वह्यांतील तुमच्या अशिलाचा खातेउतारा हजर करण्यासाठी अर्ज करा.

लेखापरीक्षकाचा अहवाल वाचताना अभिप्राय सशर्त, म्हणजे काही आक्षेप नोंदवून दिलेला, आहे का, एवढे प्रथम शोधावे. अभिप्राय निर्दोष असला तरी तो हमी नव्हे : सत्यम या संगणक कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २००९ मध्ये ५,०४० कोटी रुपयांची रोकड व बँकशिल्लक अस्तित्वातच नसल्याचे कबूल केले, आणि त्याआधीची पत्रके लेखापरीक्षित होती.

‘पैसे नाहीत’ या बचावासाठी संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांची टीप पाहा. संचालकांच्या दुसऱ्या कंपनीला त्याच काळात मोठे कर्ज दिलेले आढळले, तर तो बचाव लंगडा पडतो. ही सर्व पत्रके कंपनी निबंधकाकडे एओसी-४ या नमुन्यात दाखल होतात आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून पाहता येतात. निदान तीन वर्षांची घ्या.