स्विफ्टला व्हिस्टाचं इंजिन बसतं का हो?

प्रश्न : नमस्कार सर, माझी २०१२ ची स्विफ्ट व्हीडीआय आहे, गाडी भरपूर चाललीय. मिरज रोडला चालत्या गाडीत खडखड आवाज आला आणि इंजिन बंद पडलं, मेकॅनिक म्हणतो टायमिंग चेन उडाली, आता इंजिनच बदला. त्याच्याकडे टाटाच्या इंडिका व्हिस्टा क्वाड्राजेट डिझेलचं जुनं इंजिन पडून आहे, "दोन्हीकडे फियाटचंच मल्टिजेट, डोळे झाकून बसतं" असं त्याचं म्हणणं. दुसरा एक जण म्हणतो अर्टिगाचं ९० पीएसवालं टाका, पिकअप पण वाढेल. कोणाचं ऐकू? (एक वाचक, सांगली)

उत्तर : मेकॅनिक खोटं बोलत नाहीये, अर्धंच सांगतोय. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, सियाझ आणि तिकडे व्हिस्टा, मांझा, पुंटो, लिनिया, सगळ्यांच्या बॉनेटखाली तेच १२४८ सीसीचं फियाटचं डिझेल. मारुतीचं मानेसरला बनायचं, टाटा-फियाटचं आपल्या रांजणगावला. बोअर (सिलिंडरची रुंदी) ६९.६ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८२ मिमी, इकडे तेच तिकडे तेच. त्यामुळे ब्लॉक, म्हणजे इंजिनचा मुख्य सांगाडा, शेजारी शेजारी ठेवले तर तुम्हाला फरक कळणार पण नाही, आणि इथेच माणूस फसतो. कारण भानगड ब्लॉकमध्ये नाहीच, त्याला जे जे लटकलेलं असतं त्यात आहे. माउंटिंगचे ब्रॅकेट त्या त्या गाडीचे, सायलेन्सरचा पाईप कुठून खाली उतरतो ते वेगळं, एसी कॉम्प्रेसरची जागा, गिअरबॉक्स मारुतीचा वेगळा आणि टाटाचा वेगळा. वायरिंगचे कपलर जुळत नाहीत, मग कोणीतरी वायरी कापून टेप मारून जोडतो आणि पहिल्या पावसात चेक इंजिनचा दिवा पेटतो. व्हिस्टाचा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) पण सोबत घ्या म्हणतील तर तेही नको, तुमच्या चावीचा इमोबिलायझर (चोरी रोखणारं कुलूप) तुमच्याच ईसीएमला ओळखतो, दुसरा टाकला की नुसता स्टार्टर फिरणार, गाडी काही चालू होणार नाही.

पण थांबा, मुळात इंजिन बदलायचंच आहे का? चेन उडाली म्हणजे इंजिन गेलं असं हे लोक सरसकट सांगतात. टायमिंग चेन पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवते, या मल्टिजेटमध्ये ती सरकली की पिस्टन व्हॉल्व्हला आपटतो, आणि पुष्कळदा आधी मोडतात ते वरचे रॉकर, बोटाएवढे छोटे तुकडे असतात. ते मोडल्यामुळे खालचा माल कधी कधी वाचतो. म्हणून आधी तुमच्यासमोर कॅमचा वरचा भाग उघडायला सांगा, रॉकर किती तुटलेत ते मोजा, मग हेड काढून पिस्टनच्या डोक्यावर खुणा किती खोल आहेत ते बघा, सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर ओरखडे नखाला लागतायत का बघा. नुसत्या बारीक खुणा असतील तर चेन किट, टेन्शनर, रॉकर, वाकलेले व्हॉल्व्ह आणि हेडचं काम एवढ्यावर भागू शकतं. हेडचं मशीनचं काम कोल्हापूरला उद्यमनगरात करून घ्या, तिथे आयुष्यभर इंजिनंच केलेली माणसं आहेत. ऑइल पॅन पण उघडायला लावा, तुटलेले तुकडे आणि काळा गाळ दोन्ही तिथेच सापडतात. चेनचा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो, गाळाने जाळी चोंदली की चेन ढिली पडते, सकाळी स्टार्ट करताना सळसळ आवाज येतो, आणि आपण म्हणतो डिझेल आहे, आवाज करणारच!

ब्लॉकच गेला असेल तर मग स्विफ्ट किंवा डिझायरचंच ७५ पीएसवालं इंजिन शोधा, नुसता ब्लॉक आणि हेड घ्या, आणि तुमचाच टर्बो, पंप, इंजेक्टर, सेन्सर, वायरिंग, माउंटिंग त्याच्यावर चढवा. ईसीएमला कळणार पण नाही काही बदललंय ते. दुसऱ्या गाडीचे इंजेक्टर वापरायची वेळ आलीच तर त्यांच्यावरचा कोड स्कॅनर लावून भरून घ्या, नाहीतर गाडी खडखडते आणि धूर सोडते.

अर्टिगाच्या ९० वाल्याचं सांगतो. त्यात व्हीजीटी टर्बो आहे, म्हणजे आतल्या पात्या हलतात आणि त्या हलवायचं काम ईसीएम करतो. तुमच्या ईसीएममध्ये तो प्रोग्रामच नाही. मग टर्बो जुनाच लावायचा, म्हणजे ९० चे पैसे देऊन ७५ च मिळणार, कशाला? आणि २०१५ नंतरचं एसएचव्हीएसवालं (मारुतीचं माइल्ड हायब्रिड) इंजिन असेल तर त्याचा अल्टरनेटरसुद्धा वेगळा भाग आहे, तो तर नकोच.

आता कागदाचं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ बघा, इंजिन बदलणं म्हणजे आरटीओची मंजुरी घ्यायची आणि बदल केल्यावर १४ दिवसांत कळवून आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्यायचा. पक्कं बिल हवं, त्यावर इंजिन नंबर हवा, ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची किंवा स्क्रॅपची झेरॉक्स हवी. हे देत नसेल तर तो माल स्वस्त का आहे ते ओळखा. कुर्ल्यापासून आपल्याकडच्या जुन्या बाजारापर्यंत चांगली माणसं आहेत तशी चोरीच्या गाड्या फोडणारी पण आहेत, पोलीस दारात आले की इंजिनवाला फोन उचलत नाही. आरसीवर बीएस ३ आहे की बीएस ४ (धुराच्या प्रदूषणाचे नियम) तेही तपासा, २०१० ला बीएस ४ फक्त मोजक्या शहरांत आलं, त्यात पुणे आणि सोलापूर होतं, सांगली नव्हतं, सगळ्या देशात २०१७ पर्यंत. बीएस ४ च्या गाडीत बीएस ३ चं इंजिन घालू नका. इन्शुरन्स कंपनीला पण नंबर कळवा. आणि तुमच्या गाडीला २०२७ ला १५ वर्षं होतायत, तेव्हा रिपासिंग आणि ग्रीन टॅक्स आहेच, त्या वेळी इन्स्पेक्टर वरची घाण पुसून इंजिन नंबर बघणार. तो हिशोब धरूनच किती खर्च करायचा ते ठरवा.

प्रश्न : महिंद्रा एमएम ५४० जीपमधलं पूजोचं (फ्रेंच कंपनीचं) इंजिन थकलंय, बोलेरो डीआयचं टाकू का? (एक वाचक, पाटण)

उत्तर : चालेल हो, मेकॅनिकल पंप असलेलं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन डिझेल) असेल तर वायरिंगची कटकट जवळपास नाहीच, डिझेल आणि स्टार्टर दिला की सुरू. बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) आणि माउंटिंगचं वेल्डिंग मात्र जीपवाल्या माणसाकडूनच करून घ्या, इंजिन तिरकं बसलं की प्रोपेलर शाफ्ट घूं घूं करतो. पण पूजो २११२ सीसीचं आणि डीआय २५२३ चं, म्हणजे इथे इंजिनचा नुसता नंबर नाही, आरसीवरची क्षमता पण बदलते. त्यामुळे आधी आरटीओत विचारा, मंजुरी मिळत असेल तरच जुनं इंजिन खाली उतरवा.