दिवसभर कडक ऊन लागणाऱ्या वाफ्यात फुलांचे कंद लावायचे आहेत. माती कशी तयार करू?

एवढ्या उन्हात कंद भाजून निघतील का, अशी शंका आधी मनात येते. नाही निघणार. निशिगंध, ग्लॅडिओलस, रेन लिली यांना भरपूर ऊन हवंच असतं, सावलीत नुसती पानं वाढतात. कंद जातो तो तापलेल्या मातीत पाणी तुंबल्यामुळे. ऊब आणि ओल एकत्र आली की बुरशी फोफावते आणि वर पानं पिवळी पडेपर्यंत खाली कंदाचा लगदा झालेला असतो. म्हणून सगळी मेहनत निचऱ्यावर घ्या.

आधी जमीन तपासा. वाफ्यात फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि आत पट्टी उभी करून बघत राहा. तासाभरात पाणी 3 ते 5 सेंमी उतरलं तर जमीन उत्तम. 2 सेंमीसुद्धा उतरत नसेल तर सरळ 15-20 सेंमी उंचीचा गादीवाफा करा.

खणायची घाई करू नका, वाफसा येऊ द्या, म्हणजे माती चिखलाइतकी ओली नको आणि पार कोरडीही नको. मुठीत माती दाबायची आणि गोळ्याला बोटाने टोचायचं. गोळा भुसभुशीत फुटला तर खणा, बोटाला चिकटला तर थांबा. ओली चिकणमाती खणली की तिची ढेकळं उन्हात विटेसारखी कडक होतात आणि नंतर फुटता फुटत नाहीत. खोली 30 सेंमी पुरे. खणताना लव्हाळा हे चिवट तण दिसलं तर त्याच्या मुळांवरच्या गाठी हाताने वेचा, कारण कुदळीने गाठींची माळ तुटली की सुटी झालेली प्रत्येक गाठ नव्याने फुटते.

लागवडीला वेळ असेल तर तुमच्या कडक उन्हालाच कामाला लावा, हे मी आवर्जून सांगेन. माती ओलवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून अंथरा, कडा मातीत गाडा आणि ऐन उन्हाळ्यात 4 ते 6 आठवडे तसंच ठेवा. वरच्या थरातलं बरंचसं तणाचं बी, रोगकारक बुरशी आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक किडे) त्या उष्णतेने मरतात. लव्हाळा मात्र यातूनही वाचतो, त्याला हातच लागतो.

चिकणमातीत थोडीशी वाळू मिसळण्याचा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. तो ऐकू नका. थोड्या वाळूने माती आणखी घट्ट बसते. त्याऐवजी चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट 8-10 सेंमी जाड पसरून मिसळा. ताजं शेण अजिबात नको, त्याने कंद सडतात. हाडांचा चुरा घालणार असाल तर कंदाच्या खालच्या मातीत कालवा, कारण त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) मातीत जागचं फारसं हलत नाही, वर टाकलेलं वरच राहतं.

लावण्याआधी प्रत्येक कंद बुडाशी अंगठ्याने दाबून बघा, मऊ लागला तर टाकून द्या. खोली कंदाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट धरा. ग्लॅडिओलस 10-15 सेंमी खाली गेला तरी चालतो, उलट दांडा नीट उभा राहतो. अमॅरिलिसची मान मात्र मातीच्या वर हवी. लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्या, मग कोंब दिसेपर्यंत हात आखडता ठेवा. वर पालापाचोळ्याचं 5 सेंमी आच्छादन घाला, त्याने माती कमी तापते. आणि दर हंगामात कंपोस्टची भर घालत जा, गरम मातीत ते लवकर संपतं.

ट्यूलिपचा विचार असेल तर तो सोडा. त्याच्या कंदाला फुलण्याआधी कित्येक आठवड्यांची थंडी लागते आणि ती अशा वाफ्यात मिळत नाही.