पाच जणींचा चॅप्टर आणि नव्या सदस्यांचा प्रश्न

तुझा प्रश्न वाचला आणि मला माझं कॉलेजचं दुसरं वर्ष आठवलं. तू लिहिलंयस की टाऊ बीटा सिग्मा या कॉलेज बँडसाठी काम करणाऱ्या सोरॉरिटीच्या, म्हणजे विद्यार्थिनींच्या संघटनेच्या, तुमच्या चॅप्टरमध्ये (कॉलेजातल्या शाखेत) पाच जणी उरल्यात, त्यातल्या दोघी मे महिन्यात पदवी घेऊन जातील, बँड जेमतेम साठ जणांचा आहे आणि मागच्या इन्फो नाइटला (नव्यांना माहिती द्यायच्या संध्याकाळी) कुणी फिरकलंसुद्धा नाही, मग नवे सदस्य मिळवायचे कसे? आम्ही तर चौघीच होतो. मी क्लॅरिनेट वाजवायचे. मी कॉलेज सोडलं तेव्हा आम्ही अकरा जण होतो. तेवढ्यात काय काय बदललं ते सांगते.

आम्हीही आधी इन्फो नाइटवरच भर दिला होता. म्युझिक बिल्डिंगभर पोस्टर लावले, पिझ्झा मागवला. दोन मुली आल्या, त्यातली एक आमच्यातल्याच एकीची रूममेट. त्या रात्री खुर्च्या उचलताना लक्षात आलं की आम्ही समोरासमोर एकालाही विचारलं नव्हतं. साठ जणांच्या बँडमध्ये सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे पोस्टर कशाला वाचतील कुणी?

पुढच्या सेमिस्टरला आम्ही चौघी बसलो आणि प्रत्येकीने तीन नावं लिहिली. नाव लिहिताना एकच अट: ‘हिला का बोलवायचं’ हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ‘छान मुलगी आहे’ चालणार नाही. मी एका ट्रम्पेटवाल्या मुलीला म्हणाले, “शनिवारी मॅच संपल्यावर तू ड्रमवाल्यांना ट्रक भरायला मदत करत होतीस, कुणी सांगितलं नसताना. आमचं काम हेच आहे. गुरुवारी येशील का?” ती आली, आणि दोन वर्षांनी आमची अध्यक्ष झाली. आपल्या कामाकडे कुणाचं लक्ष होतं, हे ऐकलं की माणूस खरंच विचार करतो. बारा जणांना विचारलं, सात आले, चौघांनी बिड, म्हणजे सदस्य होण्याचं रीतसर आमंत्रण, स्वीकारलं.

नावं शोधायची कुठे? मैत्रिणींच्या घोळक्यात शोधू नका, तिथे जे मिळायचं ते मिळून झालेलं असतं. ऑगस्टच्या बँड कॅम्पमध्ये उन्हात कोण दुसऱ्याची बाटली भरून आणतं ते बघा. कलर गार्ड (बँडसोबत झेंडे फिरवणारे) आणि पर्कशनकडे (ढोल-ड्रमवाल्यांकडे) बहुतेक चॅप्टरचं दुर्लक्ष होतं, कारण त्यांचा सराव वेगळा चालतो. दुसऱ्या कॉलेजातून बदली घेऊन आलेली मुलं एकटी असतात. आणि नर्सिंग, इंजिनिअरिंगची मुलं तर आवर्जून बघा. संगीत शिकणाऱ्यांना त्या इमारतीत आधीच हक्काची जागा असते, यांना नसते. माझं स्वतःचं तेच झालं होतं.

मुलांनाही विचारा. सोरॉरिटी म्हटलं की फक्त मुली असंच सगळे धरून चालतात, पण शिक्षणात मुलगा-मुलगी असा भेदभाव करायला मनाई करणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानंतर, १९७७ साली, टाऊ बीटा सिग्मा आणि तोवर फक्त मुलांची असलेली बँड-संघटना कप्पा कप्पा साय दोघांनीही आपली दारं सगळ्यांना उघडली. आमच्या अकरांत दोन मुलगे होते. तुमच्या कॅम्पसवर कप्पा कप्पा सायचा चॅप्टर असेल तर इन्फो नाइट एकत्र घ्या, एकाच साठ जणांमागे दोघांनी धावू नका.

आता पैसे आणि वेळ. शुल्क किती, आठवड्याला तास किती, कँडिडेट (पक्कं सदस्य होण्याआधीचा उमेदवार) असताना काय काय करावं लागतं, हे पहिल्याच भेटीत सांगा. आमच्या नव्या सदस्यांच्या एका तुकडीतल्या तिघींपैकी दोघी मध्येच गेल्या, कारण शुल्काचा आकडा त्यांना बिड घेतल्यावर कळला. चूक सर्वस्वी आमची होती. हप्ते पाडता येतात का, ते तुमच्या खजिनदारासोबत आधीच ठरवून ठेवा.

त्याहून गंभीर गोष्ट हेझिंगची, म्हणजे नव्या सदस्यांच्या रॅगिंगची. २०११ साली फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाच्या मार्चिंग बँडमधला एक ड्रम मेजर (बँडचं नेतृत्व करणारा विद्यार्थी) बँडच्याच बसमध्ये झालेल्या मारहाणीत गेला. तेव्हापासून बँडमधल्या मुलांच्या आईवडिलांच्या मनात ती भीती आहे, आणि ती रास्त आहे. कँडिडेटला कधीही कुठलंही हलकं काम किंवा जागरण करायला लावणार नाही, त्याचा अपमान होणार नाही हे स्पष्ट शब्दांत सांगा, आणि कोणाकडे तक्रार करायची तेही सांगा. ‘आमच्या वेळी थोडं असायचं’ म्हणणारी एखादी माजी सदस्य असेल तर तिला कँडिडेटच्या आसपास येऊ देऊ नका. यावर मी एक इंचही मागे हटणार नाही.

तू विचारलंयस की घरी काय सांगू. माझी आई ‘सोरॉरिटी’ ऐकून दोन दिवस नीट बोलली नव्हती, तिच्या डोळ्यांसमोर सिनेमातल्या पार्ट्या होत्या. मी तिला पुण्यातल्या ढोल-ताशा पथकाचं उदाहरण दिलं. मिरवणुकीत वाजवणारे सगळ्यांना दिसतात, पण ढोल टेम्पोत चढवणारे, दोऱ्या आवळणारे, पाणी पुरवणारेही पथकाचेच असतात. आम्ही बँडसाठी ते करतो. मग आमची संघटना जिथे सुरू झाली त्या टेक्सासमधल्या लबक शहरातली गोष्ट सांगितली. तिथल्या टेक्सास टेक विद्यापीठातल्या वेव्हा बेन्स या विद्यार्थिनीला बँडमधल्या मुलींसाठी अशी संघटना हवी होती. तिने चिकाटी सोडली नाही आणि १९४६ साली टाऊ बीटा सिग्मा राष्ट्रीय संघटना म्हणून उभी राहिली. आईला ती मुलगी फार आवडली.

बँडच्या डिरेक्टरांना भेटायला उशीर करू नकोस. त्यांना फक्त “आमच्याबद्दल दोन शब्द बोला” म्हणू नकोस, “तुमचं कुठलं काम आम्ही अंगावर घेऊ?” असं विचार. आमच्या सरांनी गणवेशांची खोली सांगितली. टोप्या, तुरे, पिशव्या, सगळ्याचा गोंधळ होता. आम्ही ती खोली तीन शनिवारांत लावली, आणि गणवेश वाटपाच्या दिवशी बँडमधला प्रत्येक जण आमच्यासमोरून गेला. नाव विचारायचं, मापाची पॅन्ट द्यायची, दोन वाक्यं बोलायची. त्या एका दिवसाचा जेवढा उपयोग झाला तेवढा कुठल्याच कार्यक्रमाचा झाला नाही.

आणि कृपा करून कामं कमी करा. पाच जणींनी पंधरा जणींचा कार्यक्रम पत्रिकेवर ठेवला की सगळ्यांचे चेहरे ओढलेले दिसतात, आणि नवी मुलगी ते चेहरेच बघत असते. आम्ही बेक सेल आणि टी-शर्ट बंद केले. पाणी आणि गणवेश, एवढंच ठेवलं. पाहुणा बँड आला की हाफटाइमनंतर त्यांनाही पाणी न्यायचो, त्यांच्या सूझाफोन (अंगाभोवती घेऊन वाजवायचं मोठं पितळी वाद्य) वाजवणाऱ्यांनी टाळ्या वाजवलेल्या मला अजून ऐकू येतात.

या वर्षी तिघेच आले तरी घाबरू नकोस. आठ जणांना घाईने घेऊन डिसेंबरपर्यंत पाच गमावण्यापेक्षा ते तिघे पुढच्या ऑगस्टला पाण्याचे जार घेऊन मैदानावर असणं केव्हाही चांगलं. संघटनेच्या तुमच्या डिस्ट्रिक्टच्या (विभागाच्या) पदाधिकाऱ्यांना आकडा आत्ताच कळव, लहान चॅप्टरना मदत करणं त्यांच्या कामाचाच भाग आहे. आणि आज रात्री पाचही जणी बसून तीन-तीन नावं लिहा. कुणाच्या नावापुढे वाक्य सुचलं नाही तर मला लिही, आपण मिळून बघू.